जपानी पाहुणा ‘मला धर्म नाही’ म्हणतो तेव्हा: ठाणे-नवी मुंबईतील यजमान आणि सहकारी यांच्यासाठी

जपानी कर्जसाहाय्याने उभा राहिलेला अटल सेतू, शिळफाट्यापर्यंत येणारा बुलेट ट्रेनचा बोगदा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्या यांमुळे आपल्या भागातील अनेक मराठी माणसांचा जपानी सहकाऱ्यांशी आता नित्याचा संबंध येतो. ओळख वाढली की गणपतीचे आमंत्रण जाते आणि गप्पांच्या ओघात कोणीतरी विचारतेच, ‘तुमचा धर्म कोणता?’ उत्तर बहुधा येते, ‘मला तसा काही धर्म नाही.’ हे ऐकून आपल्यातील विवेकवादी मंडळी म्हणतात, पाहा, एवढा प्रगत देश नास्तिक आहे. श्रद्धाळू मंडळी म्हणतात, छे, तिथे तर गल्लोगल्ली देवळे आहेत, हा माणूस संकोचाने बोलत असेल. ठाण्यात जपानी शिकवताना आणि दुभाष्याचे काम करताना या दोन्ही प्रतिक्रिया माझ्या कानांवर सतत येतात, आणि दोन्हींत पाहुण्याचे म्हणणे ऐकायचे राहून जाते असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे ऐकावे, पुढे काय विचारावे, काय टाळावे आणि आपल्या घरच्या व कामाच्या ठिकाणच्या धार्मिक प्रसंगांत त्याला कसे सामावून घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उत्तराचा अर्थ लावताना

जपानी माणूस स्वतःविषयी ‘मुशूक्यो’ हा शब्द वापरतो तेव्हा तो सहसा एवढेच सांगत असतो की, आपण कोणत्याही धर्मसंस्थेचे सभासद नाही, ठरावीक धर्मग्रंथ मानत नाही आणि कोणत्या पंथाच्या सभांना जात नाही. ईश्वर नाहीच, असे विचारपूर्वक मानणाऱ्यासाठी ‘मुशिनरोनशा’ अशी वेगळी संज्ञा जपानीत आहे आणि स्वतःसाठी ती वापरणारे लोक पुष्कळ कमी आहेत. भाषांतर करताना दोन्हींसाठी ‘नास्तिक’ हा एकच शब्द वापरला की संभाषण तिथेच चुकीच्या वाटेला लागते, म्हणून दुभाष्याचे काम करणाऱ्यांनी ‘मुशूक्यो’चे मराठी ‘मी कोणत्याही पंथाचा नाही’ असेच करावे.

आकडे पाहिले तर गोंधळ वाढतो, पण त्या गोंधळातूनच चित्र स्पष्ट होते. जपान सरकारचा सांस्कृतिक विभाग दरवर्षी धर्मविषयक वार्षिकी प्रसिद्ध करतो. तिच्यातील शिंतो (जपानची स्वतःची पारंपरिक देवपूजा), बौद्ध, ख्रिस्ती आणि इतर अनुयायांची बेरीज अलीकडच्या वर्षांत १६ ते १८ कोटींच्या आसपास येते, आणि देशाची लोकसंख्या मात्र साडेबारा कोटींच्याही खाली गेलेली आहे. याचे कारण असे की हे आकडे धर्मसंस्थांनी स्वतः कळवलेले असतात. बौद्ध मंदिर आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली कुटुंबे मोजते, शिंतो देवस्थान आपल्या परिसरातील रहिवासी मोजते, आणि एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो, तेही बहुतेक वेळा त्याला कल्पना नसताना. दुसरीकडे, राष्ट्रीय मनोवृत्तीविषयीचे एक सर्वेक्षण १९५३ पासून दर पाच वर्षांनी घेतले जाते. ‘तुमची एखाद्या धर्मावर श्रद्धा आहे का’ या प्रश्नाला त्यात दहांपैकी तिघांच्या आसपास लोकच होकार देतात. मात्र ‘धर्मभावना महत्त्वाची वाटते का’ असे विचारल्यावर होकार देणारे निम्म्याहून बरेच अधिक निघतात. त्यामुळे एखाद्या चर्चेत कोणी यांपैकी एकच आकडा पुढे करून जपानला नास्तिकांचा किंवा भाविकांचा देश ठरवू लागला, तर दुसरा आकडा त्याच्यासमोर जरूर ठेवावा.

प्रश्न बदलून पाहावा

‘तुम्ही देव मानता का’ हा प्रश्न आपल्याला सरळ वाटतो, परंतु जपानी माणसाला तो परीक्षेतील प्रश्नासारखा वाटतो, कारण त्याने आयुष्यात क्वचितच कोणाला याचे उत्तर दिलेले असते. त्याऐवजी काय करता, केव्हा करता आणि कोणाबरोबर करता, हे विचारावे. नववर्षाच्या पहिल्या दिवसांत कोणत्या देवळात जाता, असे विचारले की तोच माणूस खुलून बोलू लागतो. या प्रथेला ‘हात्सुमोदे’ म्हणतात. तोक्योतील मेइजी देवस्थानात पहिल्या तीन दिवसांतच तीस लाखांच्या आसपास लोक जातात. तिथे गेल्यावर पाण्याने हात व तोंड स्वच्छ करायचे, पेटीत नाणे टाकायचे, दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, मनातली इच्छा सांगायची आणि पुन्हा एकदा वाकायचे, हा क्रम शिंतो देवस्थानातला. बौद्ध मंदिरात टाळी वाजवत नाहीत, केवळ हात जोडतात. परीक्षेच्या आधी ताईत घेणारा विद्यार्थी आणि नव्या गाडीवर देवळातून मंत्रसंस्कार करून आणणारा गृहस्थ हे दोघेही स्वतःला ‘मुशूक्यो’ म्हणवतात, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

त्यानंतर घरातील ‘बुत्सुदान’विषयी विचारावे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे जपानी धर्मजीवनाचा गाभा भव्य मंदिरांपेक्षा या लाकडी कपाटात अधिक सापडतो. कपाटाची दोन दारे उघडली की आत बुद्धाची लहान मूर्ती किंवा चित्र असते आणि गेलेल्या माणसांच्या नावांच्या उभ्या पाट्या असतात. या पाट्यांवरील नाव बहुधा मृत्यूनंतर भिक्षूने दिलेले वेगळेच असते. सकाळी भात तयार झाला की कोणी जेवण्यापूर्वी त्यातला थोडा भात एका छोट्या उभ्या वाटीत काढून येथे ठेवतात, शेजारी पाणी किंवा चहा ठेवतात, उदबत्ती लावतात आणि वाटीच्या आकाराच्या धातूच्या घंटेवर हलका टोला देऊन हात जोडतात. पाहुण्याने आणलेली मिठाई आधी येथे जाते आणि मग कुटुंबात वाटली जाते. मुलांचे प्रगतिपुस्तकही आजोबांना दाखवायचे म्हणून येथे ठेवणारी घरे आहेत. हे सर्व करणाऱ्या आजीला आजोबांचा आत्मा खरोखर आहे असे वाटते का, हे विचारण्यात काही हशील नाही, कारण ती ते श्रद्धा म्हणून करत नाही, घरातल्या माणसाचे करावे तसे करते. शहरांतील लहान सदनिकांत बुत्सुदान आता कमी होत चालले आहे, हेही लक्षात ठेवावे. तरुण पाहुण्याने ‘ते गावाकडच्या घरी आहे’ असे सांगितले तर आश्चर्य वाटू देऊ नये.

ऑगस्टच्या मध्यास येणारा ‘ओबोन’ हा असाच चांगला विषय आहे. त्या काळात पूर्वज घरी येतात असे मानून लोक मूळ गावी जातात आणि कबरीची दगडी शिळा पाण्याने धुऊन फुले वाहतात. जपानी सहकारी नेमकी त्याच आठवड्यात रजा मागतो, ती याचसाठी. आपल्या पितृपक्षाची माहिती त्याला दिली तर संभाषण दोन्ही बाजूंनी मोकळे होते, असा माझा अनुभव आहे.

‘धर्म’ म्हटल्यावर तो का बिचकतो

ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर नको तो प्रश्न नको त्या वेळी विचारला जातो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली आणि त्या शतकात प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध मंदिरात नोंद करून आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घेण्याची पद्धत रूढ केली. अशा रीतीने मंदिराशी नाते हे मनाच्या ओढीपेक्षा सरकारी नोंदीचे आणि अंत्यविधींचे झाले. पुढे १८६८ मध्ये मेइजी राजवटीने शतकानुशतके एकत्र नांदलेले शिंतो देव आणि बुद्ध यांना आदेशाने वेगळे केले. अनेक ठिकाणी बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली. शिंतो देवस्थानांतील विधी हा धर्म नसून नागरिकाचे कर्तव्य आहे, अशी भूमिका सरकारने घेतली, आणि सम्राटाभोवती उभ्या केलेल्या त्या व्यवस्थेतून पुढे युद्धकाळातील सक्ती आली. पराभवानंतर डिसेंबर १९४५ मध्ये ती व्यवस्था मोडीत काढण्यात आली, १ जानेवारी १९४६ रोजी सम्राटाने आपल्या दैवी स्वरूपाची कल्पना नाकारली, आणि १९४७ पासून लागू असलेल्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य देऊन सरकार व धर्म यांना अलग केले.

आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या जपानी माणसाच्या मनावर मात्र याहून गडद ठसा २० मार्च १९९५ चा आहे. त्या दिवशी ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. डझनाहून अधिक माणसे दगावली आणि हजारो बाधित झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की हा पंथ १९८४ मध्ये एका योगवर्गातून सुरू झाला होता, त्याचा प्रमुख स्वतःला गुरू म्हणवत असे, आणि त्याच्या शब्दसंग्रहात संस्कृत शब्द भरलेले होते. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची नारा येथे हत्या झाली; आपल्या आईने युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथाला दिलेल्या मोठ्या देणग्यांमुळे घर उद्ध्वस्त झाले, असा मारेकऱ्याचा राग होता. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये देणगीसाठी दडपण आणण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि मार्च २०२५ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला.

यातून आपल्यासाठी काही सरळ नियम निघतात. जपानी सहकाऱ्याला आधी न सांगता सत्संगाला, प्रवचनाला किंवा एखाद्या महाराजांच्या दर्शनाला नेऊ नये. आपला हेतू कितीही निर्मळ असला तरी त्याच्या मनात नेमकी भीतीची तार छेडली जाते. योगवर्गाचे आमंत्रण देताना तिथे व्यायाम आहे की दीक्षा, हे स्पष्ट सांगावे. सोसायटीच्या गणेशोत्सवाची वर्गणी मागायची असेल तर हा रहिवाशांचा सामायिक खर्च आहे, रक्कम ऐच्छिक आहे आणि पावती मिळेल, हे तिन्ही सांगावे. त्याने नकार दिला तर पुन्हा विचारू नये. पंथाची पत्रके, पुस्तके आणि मंत्रजपाचे दुवे पाठवणे पूर्णपणे टाळावे.

खरोखर नास्तिक भेटला तर

असा माणूस भेटणे अशक्य नाही, आणि त्याला ‘आत कुठेतरी श्रद्धा असेलच’ असे समजावणे हा त्याचा अपमान आहे. जपानला नास्तिक विचाराची स्वतःची परंपरा आहे आणि ती मेइजी काळाच्याही आधीची आहे. ओसाकातील व्यापारी पेढीवर काम करणारे विद्वान यामागाता बान्तो (१७४८–१८२१) यांनी देव, भुते आणि मरणोत्तर आत्मा या सर्वांचे अस्तित्व तर्काने नाकारले. फुकुझावा युकिची (१८३५–१९०१) यांचे चित्र अनेक वर्षे दहा हजार येनच्या नोटेवर होते. बालपणी इनारी देवाच्या घुमटीत काय आहे ते उघडून पाहिले, आत दगड निघाला, तो टाकून दुसरा दगड ठेवला आणि लोक उत्सवात त्याच दगडाला नैवेद्य दाखवताना पाहिले, हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला आहे. सर्वांत ठाम आवाज मात्र नाकाए चोमिन (१८४७–१९०१) यांचा. घशाच्या कर्करोगाने आयुष्याचे थोडेच दिवस उरले असताना त्यांनी ईश्वर नाही आणि आत्माही नाही, हे सांगणारे लेखन पूर्ण केले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधींविना निरोपसभा झाली आणि आज जपानमध्ये सर्वत्र होणाऱ्या निरोपसभांचा आरंभ त्या सभेपासून मानला जातो. आपले गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचेच हे समकालीन. हा दुवा जपानी पाहुण्याला सांगितला तर तो मन लावून ऐकतो.

मात्र महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीसारखी लोकचळवळ तिथे का नाही, असा प्रश्न विचारताना जपून राहावे. मला दिसणारे कारण असे की रोजच्या जीवनात नास्तिकाला तिथे फारसा विरोधच होत नाही. देवळात न जाणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही आणि जाणाऱ्यालाही ‘तुमचा विश्वास आहे का’ असे कोणी विचारत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या ज्या समाजात झाली, त्या समाजातील नास्तिक असण्याची किंमत जपानी माणसाला सहज उमगत नाही, आणि ती त्याला शांतपणे समजावून सांगणे हे आपले काम आहे.

घरच्या गणपतीला बोलावताना

आमंत्रणाबरोबरच काय काय होईल ते कळवावे: पादत्राणे बाहेर काढायची आहेत, आरती साधारण अर्धा तास चालेल, झांजा आणि टाळ्यांचा आवाज मोठा असेल, फोटो काढलेले चालतील. कपाळाला गंध लावण्यापूर्वी विचारावे. आरतीचे ताट समोर आल्यावर काय करायचे ते एका वाक्यात सांगून ठेवले तर त्याची धांदल उडत नाही. अन्यथा तो शेजारच्याकडे पाहत राहतो आणि खिशातले नाणे कुठे टाकायचे ते शोधत बसतो. प्रसाद तो आनंदाने घेतो, कारण देवापुढचे अन्न वाटून खाणे त्याला परिचयाचे आहे. उकडीच्या मोदकात काय काय आहे तेही सांगावे.

गणपती जपानमध्येही आहे, हे सांगण्याचा मोह सर्वांना होतो आणि ते खरेही आहे. त्याला ‘कान्गितेन’ म्हणतात. तोक्योच्या आसाकुसा भागातील मात्सुचियामा येथे त्याचे प्रसिद्ध स्थान असून तिथे भाविक पांढरा मुळा वाहतात. त्याची मूर्ती सहसा झाकलेली असते आणि दर्शनासाठी उघडत नाहीत, त्यामुळे बहुतेक जपानी लोकांनी ती पाहिलेली नसते आणि अनेकांनी नावही ऐकलेले नसते. सरस्वतीचे रूप असलेली बेन्झाईतेन मात्र सात भाग्यदेवतांपैकी असल्याने सर्वांना ठाऊक असते. तिच्यापासून सुरुवात करावी. ‘म्हणजे तुमचे देव मुळात आमचेच’ हे वाक्य उच्चारू नये. चीनमार्गे गेलेल्या त्या देवतांना हजार-बाराशे वर्षांत जपानने स्वतःचे रूप, स्वतःचे विधी आणि स्वतःच्या कथा दिल्या आहेत, आणि पाहुणा ते ऐकवायला उत्सुक असतो. त्याला ती संधी द्यावी.

यजमान बौद्ध असतील तर

ठाणे-नवी मुंबईत हा प्रसंग वारंवार येतो आणि त्यात दोन्हीकडून प्रेम असूनही गैरसमज होतो. ऐरोलीतील बाबासाहेबांचे स्मारक दाखवायला उत्साहाने नेलेल्या जपानी पाहुण्याकडून यजमानाची अपेक्षा असते की हा जन्मजात धम्मबंधू आहे, त्याला त्रिसरण-पंचशील येत असेल. पाहुण्याच्या लेखी मात्र बौद्ध धर्म म्हणजे बहुधा आजोबांचा अंत्यविधी, भिक्षूचे सूत्रपठण आणि घराण्याचे मंदिर. जपानमधील भिक्षू सामान्यतः विवाहित असतात आणि मंदिर वडिलांकडून मुलाकडे जाते, हे ऐकून आपल्याकडचे उपासक चकित होतात. येथे समजावून सांगावे ते असे: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म निवडून, जाहीरपणे आणि जातिव्यवस्थेचा त्याग करण्यासाठी स्वीकारला, तो वारसा म्हणून मिळालेला नाही. जन्मापासून बौद्ध घरातल्या माणसाला ही निवड फार मोलाची वाटते, असे मी अनेकदा पाहिले आहे. भदन्त सुरई ससाई यांचे उदाहरण सांगावे. जपानमध्ये जन्मलेले हे भिक्षू १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरला स्थायिक झाले आणि दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षा सोहळ्यांचे अग्रणी झाले. वरळीतील निप्पोनझान म्योहोजी पंथाचे जपानी बौद्ध मंदिर तर येथून तासाभराच्या अंतरावर आहे. दोघांनी मिळून तिथे जाणे हा उत्तम बेत ठरतो.

कारखान्यातील पूजा

येथे फारसे काही समजवावे लागत नाही. खंडेनवमीला यंत्रांना हार घातलेले पाहून जपानी व्यवस्थापक सहसा हात जोडतो. वापरून मोडलेल्या सुया मऊ तोफूत (सोयाबीनच्या पनीरात) टोचून त्यांचे ऋण मानण्याचा विधी त्याच्या देशात ८ फेब्रुवारीला होतो, आणि चिबा प्रांतातील एका मंदिरात बंद पडलेल्या यांत्रिक कुत्र्यांसाठीही सूत्रपठण झालेले आहे. इमारतीच्या पायाभरणीपूर्वी शिंतो पुरोहिताला बोलावणे तिथे इतके रूढ आहे की त्सु शहराच्या व्यायामशाळेसाठी पालिकेने अशा विधीवर केलेला खर्च सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये संविधानविरोधी ठरवला नाही. तो सामाजिक प्रथेचा भाग मानला. तरीही भूमिपूजनात यजमान म्हणून बसण्याची सक्ती कोणावर करू नये, आणि ख्रिस्ती जपानी सहकारी असेल तर आधी विचारून घ्यावे. ते लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत, पण आहेत.

सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला तर

या प्रसंगी ‘मुशूक्यो’ म्हणवणारा माणूसही बहुधा बौद्ध विधी करतो, त्यामुळे ‘तुम्ही तर धर्म मानत नाही ना’ असे कधीही म्हणू नये. दहन झाल्यावर कुटुंबीय अस्थी चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात. म्हणूनच जेवताना एका चॉपस्टिकवरून दुसरीवर घास देणे अशुभ मानतात; मृतापुढे ठेवलेल्या भातात चॉपस्टिक उभ्या खोचतात, म्हणून जेवताना तसे करणेही अशुभ मानतात, आणि वाशीत किंवा ठाण्यात एकत्र जेवायला गेल्यावर आपणही ते टाळावे. ४९ दिवसांनी मोठा विधी होतो, त्या सुमारास तो पुन्हा रजा मागेल. ती विनाचौकशी मंजूर करावी. वर्षाच्या अखेरीस त्याच्याकडून ‘यंदा आम्ही शोकात आहोत’ असे कार्ड आले तर १ जानेवारीला त्याला शुभेच्छांचा संदेश पाठवू नये. थंडीत प्रकृतीची काळजी घ्या, एवढे साधे वाक्य काही दिवसांनी पाठवावे. पैशाचे पाकीट द्यायचे असेल तर त्यासाठी काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचे ठरावीक पाकीट लागते आणि नोटा कोऱ्या करकरीत नसाव्यात, कारण त्या मृत्यूची वाट पाहत तयार ठेवल्यासारख्या दिसतात. आपल्याकडे ते पाकीट मिळाले नाही तर कंपनीतील दुसऱ्या जपानी सहकाऱ्याला विचारून त्याच्याबरोबर एकत्र रक्कम द्यावी.